छातीतली शीळ

माणसं आणि उंदीर एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. एका प्रयोगशाळेत पिठी नावाची पांढरी उंदरीण होती. झाकण वाजलं तरी तिचं काळीज धडधडे. फक्त पिंजरे साफ करणाऱ्या इंदूमावशींच्या तळहातावर तिला झोप लागे.

एकदा त्याच तळहातावर ती दचकून ताठ झाली. मावशींच्या छातीतून बारीक शीळ येत होती.

"मावशींच्या छातीत साप शिरलाय!" पिंजऱ्यात परतताच ती किंचाळली.

"साप कसला, बावळे! आपण शिरलोय," म्हातारी उंदरीण म्हणाली. "आपल्या केसांची, मुताची धूळ. गावाहून आल्या की शीळ नसते, इथं राबल्या की पुन्हा सुरू. एक दिवस श्वासच कोंडेल बघ."

पिठी रात्रभर जागी राहिली. सांगावं, तर मावशी जाणार आणि शेपटीला धरून उचलणारं कुणीतरी येणार. न सांगावं, तर...

दुसऱ्या दिवशी मावशी डोळे चोळत, शिंकत आल्या. "सर्दी गं नुसती. इथल्या डॉक्टरांना सांगू नकोस हो, इथून हलवतील मला."

"मग गावाला जाताना ती सर्दी इथंच कशी राहते, मावशी?" पिठीनं विचारलं.

मावशींचा हात थांबला. त्याच दुपारी त्यांनी डॉक्टरांसमोर श्वासाचा जोर मोजायच्या नळीत फुंकर मारली. नळीवरचा काटा जेमतेम हलला.

मग मावशींना कार्यालयात हलवलं आणि काही दिवसांनी त्यांच्या जागी मास्क लावलेला एक अनोळखी माणूस आला. त्यानं पिठीला शेपटीला धरून उचललं. तिनं घट्ट डोळे मिटले. तेवढ्यात पलीकडच्या कार्यालयातून मावशींचं हसू ऐकू आलं.

उलटं लटकत पिठीनं कान टवकारले. हसण्यात शीळ नव्हती.