हिरव्याला हिरवा

"सही का नाही, चाचा?"

वैजनाथ ठोंबरे ताडकन उठला. सहा वर्षं सहाय्यक चालक म्हणून घासल्यावर आता त्याच्या हाती गाडी यायची होती. अडलं होतं ते मुजावर चाचांच्या सहीपाशी. प्रशिक्षण केंद्रातल्या नकली इंजिनात शेजारी बसून चाचा परीक्षा घेत, आणि तिथे भल्याभल्यांना घाम फुटे.

"जागेपणाचं बटण एकदाही चुकलं नाही माझं. दिवा लागला की दाबलंय. यंत्राला विचारा!"

"दाबलंस खरं."

"मग?"

"शेवटचा सिग्नल कुठला होता?"

"हिरवा. तुम्हीच पुकारलात, मीही हिरवा म्हणालो."

एकाने सिग्नलचा रंग मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने स्वतः पाहून तो पुन्हा म्हणायचा, ही इंजिनातली रीतच आहे.

चाचांनी पडद्यावरचं चित्र मागे नेलं.

सिग्नल लाल होता. पुढे त्याच रुळावर दुसरी गाडी उभी होती.

वैजनाथचा चेहरा खर्रकन उतरला. पण गडी हेकट.

"टक्कर टाळणाऱ्या यंत्रानं ब्रेक लावला की! कुणाला खरचटलं तरी का?"

"नाही..."

चाचांनी फॉर्म पुढे ओढला. वैजनाथचं नाव खोडलं, वर लिहिलं 'यंत्र', आणि खाली झोकात सही ठोकली.

वैजनाथला संताप आला, लाजही वाटली. लाज जास्त. तो दाराकडे गेला नाही, पुन्हा खुर्चीत बसला.

"परत लावा, चाचा."

दोन तास गाडी धावली. चाचा दर वेळी खरंच पुकारत होते. वैजनाथ दर वेळी पुढे वाकून पाहत होता, मगच बोलत होता. मान आखडली, डोळे चुरचुरले, पण त्याने हट्ट सोडला नाही.

"आता खोटं पुकारणार नाही मी," चाचा म्हणाले. "शब्द देतो. जरा टेक की मागे."

"तुमच्या शब्दावर भरवसा आहे, चाचा. पण बघणार मीच."



मग चाचांनी नवा फॉर्म काढला, वैजनाथच्या नावाखाली सही केली, बूट काढले आणि डोळे मिटून घेतले.

"माझं स्टेशन आलं की उठव."