पहिला कलश खालच्या घाटावर

एका नगरात हैबतशेटाची रंगशाळा होती. तिचं निळं-तांबडं पाणी थेट नदीत जायचं. खालच्या घाटावर राहणाऱ्या सगुणा कोळणीच्या जाळ्यात मेलेले मासे यायचे, नातवंडांची अंगं खाजून सोलून निघायची. राजा म्हणाला, "नदी नासवील त्यानं पट्टी भरावी, त्यातून नदी निवळावी. पण रयत हो म्हणेल तरच."

सभेत शेट गरजला, "पट्टी बसली की लुगडी महागतील, बायांनो! अन् नदी तर आपली आई. आईला कसला विटाळ?"

माना डोलू लागल्या. सगुणा तशीच उठली.

"खरं बोललात, शेट. उद्या देवाच्या अभिषेकाचा पहिला कलश भरायचा मान तुमचा. दरसाली तुम्ही रंगशाळेच्या वरच्या अंगाला भरता. उद्या माझ्या घाटावर या, खालून भरा. आई तर तीच की!"

शेट पागोटं सावरत मागच्या मागे खाली बसला.

मग एका म्हातारीनं हात वर केला. "महागलं तर महागलं लुगडं. पट्टी बसवा, महाराज!" बघता बघता हातांचं रान उभं राहिलं. ते बघून राजा सिंहासनावरून उठला, आणि भरल्या सभेत त्यानं कोळणीला हात जोडले.