कोकोवर अब्दागिरी

“शिमग्यापर्यंत ही कोकोची रोपं तरारली नाहीत, तर धाकू, तू घरी!” तेजसिंगराजे सज्ज्यातून गरजले.

धाकू घाडीचं धाबं दणाणलं. त्याला एकच काम येत होतं, महाराजांच्या डोक्यावर अब्दागिरी धरायचं. तेही धड नाही! कोकोसाठी तर महाराजांनी तीन कचेऱ्या उघडल्या होत्या: संशोधनाची, शिकवणीची आणि तपासणीची. रोपं का करपली असं विचारताच पहिलीने दुसरीकडे बोट दाखवलं, दुसरीने तिसरीकडे. तिसरीला कुणी उरलंच नाही, म्हणून तिने जवळ उभ्या असलेल्या धाकूकडे!

तेवढ्यात महाराजांना एक रोप टवटवीत दिसलं. “हे कसं जगलं रे?”

धाकूने कान पकडले. “माझा आळस, महाराज! पाहणीला आपण रोज त्याच्याजवळच थांबता. माझा हात दुखतो, अब्दागिरी कलते. ऊन आपल्याला लागतं, सावली रोपाला!”

“म्हणजे याला सावली हवी? अरे, इथून कोको दिसावा म्हणून मीच तर पोफळी तोडवल्या! आता पुन्हा झाड लावायचं नाही, मांडव घालायचा नाही. कर सावली!”

“करतो. फक्त तिन्ही कचेऱ्या माझ्या हाताखाली द्या. तेवढीच आमच्या घराण्यात पहिली बढती!”

दुसऱ्या दिवशी प्रत्येक रोपाशी छत्री धरून एकेक अधिकारी उभा! दुपारपर्यंत पगड्या घामाने भिजल्या. मुख्य तपासनीस रडकुंडीला आले. “महाराज, पोफळी लावा, केळी लावा, काय वाट्टेल ते लावा, पण आम्हाला सोडवा!”

महाराज सज्ज्यात आले. “धाकू! नुसत्या छत्र्याच दिसतायत! माझा कोको कुठाय?”

“छत्र्यांखाली, महाराज. पोफळीच्या बुंध्यांमधून निदान दिसला तरी असता!”

महाराज ओशाळले. “बरं, लाव तुझ्या पोफळी आणि केळी. पण मग या कचेऱ्यांचं मी करू काय?”

“त्यांना गावोगावच्या बागांत पाठवा. नवं पीक लावायला माणूस घाबरतो. पहिल्या शेंगा हाती येईपर्यंत त्याला रोपं द्यायची, त्याचा माल घ्यायचा, थोडक्यात त्याच्यावर सावली धरायची.”

“जमेल यांना?”

“न जमायला काय झालं? अक्कल लागत नाही, महाराज. इतकी वर्षं मी करतोय ना!”

महाराज पोट धरधरून हसले. तिन्ही कचेऱ्यांना त्याच दिवशी बागांत धाडलं, आणि धाकूला नदीकाठची एक बाग इनाम दिली, पोफळींसकट!