एकतीस नंबरचं यान

"पण चुकलं कुठं, तेवढं तरी सांगा ना, आबा!"

गोंदूआबा सांगणार कसा? पोट धरून हसत होता. डोळ्यांतनं पाणी, तोंडात दात दोनच, तेही हलायला लागलेले.

हेरंब साहेबांच्या पुढ्यात, खास माणसांसाठी राखलेल्या दारात, मोठ्या थाटात येऊन थांबला होता... एक बंब. आंघोळीचं पाणी तापवायचा. तांब्याचा, जागोजागी पोचे आलेला.

म्हाताऱ्यानं तो गुपचूप बाहेर अंतराळात ढकलून दिला होता. नळीला एक लाल दिवा बांधला होता, बस्स.

आणि साहेबांनी दुर्बिणीतनं बघून पुकारा केला होता, "प्रकार सातवा! लहान प्रवासी यान, एकट्याचं, जुनी बनावट! माणसांचं दार उघडा!" वर सदऱ्याची बटणं लावून, हात जोडून स्वागताला उभे.

"पाव्हण्याला च्या तरी इचारा," हौसाबाई म्हणाली, आणि धक्क्यावरची सगळी मंडळी खिंकाळली.

जागा म्हणाल तर कातळवाडी. शनीच्या अलीकडं तरंगणारा एक उघडाबोडका दगड, आणि त्यावर यानांचं बंदर. यान आलं की एक लांबलचक लोखंडी हात आधी त्याला कमरेत धरतो. मग दोनांतल्या एका दाराशी नेऊन लावतो. तो हात हौसाबाई चालवायची.

उजवं दार माणसांचं. आत हवा, ऊब, चहा.

डावं दार मालाचं. तिथं हवा नाही. यान लागलं रे लागलं की आकडा येतो आणि झाकण उपटून काढतो.

कुठलं दार, ते दारवानानं बोलायचं. तो बोलला की झालं.

गोंदूआबा चाळीस वर्षं दारवान. आता गुडघे गेले होते. त्याच्या जागी बसायला हेरंब आला होता, मोठ्या शाळेतनं शिकून, पेटीत स्वतः लिहिलेलं पुस्तक घेऊन. यानांचे चौसष्ट प्रकार! कुठलं शेपटीवरनं ओळखायचं, कुठलं पोटावरनं, कुठलं नाकाडावरनं. पोरानं मेहनत केली होती, खोटं कशाला बोला.

पण आबा "ह्याला बसवा" म्हणेपर्यंत जागा मिळायची नव्हती. तीन महिने झाले. आबा म्हणत नव्हता.

"आबा, तुम्ही किती प्रकार मानता?" हेरंबनं बंब पुसता पुसता विचारलं.

"कशाचं?"

"यानांचे!"

"मला ईसपतुरच येत्यात मोजाया."

"आणि वीसच्या पुढं?"

"फुडं लय म्हंतो."

हेरंबनं दात आवळले. संध्याकाळच्या पाळीला त्यानं वहीत लिहिलं: 'लोखंडी हातानं यान धरलं की जुने दारवान त्या हाताच्या दांड्यावर तांब्या तीनदा आपटतात, मग दांड्याला कान लावतात. बहुधा दंव झाडण्यासाठी. गरज नाही. बंद करता येईल.'

म्हाताऱ्याला विचारलं मात्र नाही. अडाणी माणसाला काय विचारायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पाळीला एक यान आलं.

दिवे बंद. रेडिओ गप्प. पोट बर्फ वाहणाऱ्या यानासारखं फुगीर. नाक कुठल्यातरी दुसऱ्याच यानाचं, आणून ठोकलेलं. अंगभर ठिगळं.

लोखंडी हातानं त्याला कमरेत धरलं.

"बोला पंडित," आबा म्हणाला. "कंचं?"

हेरंबनं पुस्तक उघडलं. कालचं हसणं अजून कानात होतं, आणि हसणारी मंडळी आजही दारवानाच्या खोलीच्या दारात येऊन उभीच होती, फुकटचा तमाशा बघायला.

"बंबाचा भाऊ आला वाटतं," मागनं कुणीतरी म्हणालं.

झालं. हेरंबचं डोकं फिरलं.

"आज फसायचो नाही मी. प्रकार एकतिसावा. बर्फवाहू. बिनमाणसाचं असतं. मालाचं दार!"

"बिनमान्साचं?"

"पोटच सांगतंय की, आबा."

"आन् नाक काय सांगतंय?"

"नाक..." हेरंब अडखळला. "नाक कुणाचंही असेल. दोन यानांचं जोडकाम असलं की ज्याचा भाग मोठा, त्याचा प्रकार धरायचा. नियम आहे."

"कुनाचा नेम?"

"माझा. पान अडतीस."

"आसं व्हय."

हौसाबाईनं आबाकडं बघितलं. आबानं मान हलवली नाही, होही नाही, नाहीही नाही. मग तिनं हात डावीकडं वळवायला घेतला. हळूहळू. कुरकुरत.

मागची मंडळी गप्प झाली. हेरंबला वाटलं, जिरली एकेकाची.

आबा उठला. गुडघे कटाकटा वाजले. कोपऱ्यातला तांब्या त्यानं उचलला, आतलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं आणि रिकामा तांब्या हेरंबच्या हातात दिला.

"घे. दंव झाड."

हेरंबचे कान तापले. "तुम्ही माझी वही वाचलीत?"

"मला कुठनं वाचाया यायला? हौसानं वाचून दावली. अक्षर ग्वाड हाय म्हनली."

"आबा, ही काय थट्टेची वेळ..."

"झाड."

लोखंडी हाताचा दांडा थेट दारवानाच्या खोलीतनं बाहेर जायचा. हेरंबनं रागारागात त्यावर तांब्या हाणला. ठण. ठण. ठण.

"आता कान लाव."

"किती वेळा हसणार आहात मला?"

"कान लाव, पोरा."

म्हातारा हसत नव्हता. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. हेरंबनं गुपचूप कान लावला.

दांडा गार पडला होता. कानाला चटका बसला. लांबवर लोखंडाची कुरकुर... आणि काही नाही.

काही नाही.

बाहेर डाव्या दारातनं आकडा पुढं सरकायला लागला होता.

...

ठक.

बारीक. ताटलीवर कुणी चमचा मारावा तेवढा आवाज.

हेरंबनं श्वास धरला.

ठक. ठक.

"हौसाबाई!" तो असा ओरडला की आवाज फाटला. "थांबा! माणसं आहेत! उजवीकडं घ्या! उजवीकडं!"

हौसाबाईनं दोन्ही पाय लावून दांडी मागं ओढली. हात थांबला. आकडा आणि यानाचं झाकण यांच्यात वीतभर जागा उरली होती. वीतभरच.

माणसांच्या दारातनं अकरा जण उतरले. पांढरेफटक, ओठ निळे. कुणाला कुणी धरलेलं. आठ दिवसांपूर्वी त्यांचा रेडिओ जळाला होता, आणि नाक फुटलं म्हणून वाटेत सापडलेल्या मोडक्या यानाचं काढून बसवलं होतं. सगळ्यांत शेवटी एक बाई उतरली. तिच्या हातात उलथनं होतं. त्याचं टोक ठोकून ठोकून वाकलं होतं.

"दादा, बरं झालं वाजवलंत," ती हेरंबला म्हणाली. "यान हलायला लागलं, पण बोलेना कुणी. आम्हाला वाटलं, मशीनच आहे नुसतं. आत माणूसच नाही."

हेरंबनं तिला चहा दिला. मग दुसऱ्याला दिला. एकेकापाशी जाऊन, मान खाली घालून, तो काहीतरी विचारत होता. हौसाबाई बघत राहिली. साहेब आणि चहा वाटतोय!

ती मंडळी पांघरुणं घेऊन आडवी झाली, तेव्हा हेरंब पेटी घेऊन दारवानाच्या खोलीत आला.

"आबा, मी निघतो."

"कुठं?"

"परत. शाळेत शिकवीन पोरांना. पुस्तकातली यानं." त्यानं पेटी दुसऱ्या हातात घेतली. "वीतभर राहिलं होतं, आबा. माझ्या एका शब्दानं..."

"व्हय," आबा म्हणाला. "वीतभर."

समजूत घालायची म्हाताऱ्याला सवय नव्हती. त्यानं बशीत चहा ओतला. फुंकर घातली. प्यायला मात्र नाही.

"किती उतरली?"

"अकरा."

"आन् तू काय इचारत हिंडत हुतास?"

"...नावं."

"समद्यांची?"

"सगळ्यांची."

"सांग."

हेरंबनं वही उघडली नाही. उभ्या उभ्या अकरा नावं सांगितली. आबा डोळे मिटून ऐकत होता, जसं काही एकेकाला हातानं चाचपून बघतोय. शेवटचं नाव त्या उलथनंवाल्या बाईचं होतं. जाईबाई.

नावं संपली तरी आबा डोळे उघडेना. बशीतल्या चहावर साय धरली.

"आबा...?"

"माझ्या पयल्या यानाला म्या डावं दार सांगितलं. आत तिघं हुती," म्हातारा म्हणाला. "त्यांची नावं मला अजून ठावं न्हाईत. बस दारावर."