पडद्यावरची काळी जागा

कॅप्टन शेजवलकर नावाच्या एका वृद्ध वैमानिकाच्या शेजारी एकदा एक नवी सहवैमानिक बसली होती. सुनेत्रा तिचे नाव. बुद्धी तल्लख, हात चपळ, पण मन अतिशय उतावीळ. आश्विनातली दुपार होती. त्यांचे लहानसे विमान घाट ओलांडून किनाऱ्याकडे निघाले होते आणि समोर ढगांची भिंत चढत चालली होती.

अशा वेळी वैमानिकाची भिस्त डोळ्यांपेक्षा रडारवर असते. विमानाच्या नाकातून लहरी पुढे जातात, पावसाच्या थेंबांवर आपटून परततात आणि पडद्यावर रंग उमटतात. हलका पाऊस हिरवा, जोराचा पिवळा, वादळी लाल. जिथून काहीच परत येत नाही, ती जागा काळी.

सुनेत्राचा हात रडारच्या बटणांवरून निघत नव्हता. अँटेना किंचित वर, पुन्हा किंचित खाली. मग संवेदनशीलता कमी. ती कमी केली की लाल रंग आक्रसून पिवळा होई आणि तिला बरे वाटे. पण लगेच शंका येई, ती बटण पुन्हा फिरवी आणि लाल रंग होता तिथेच असे.

तेवढ्यात हवाई सेविका आत आली. "कॅप्टन, मधल्या रांगेतले एक गृहस्थ विचारताहेत, उशीर होणार का? त्यांची आई सकाळी गेली. अंत्यविधी त्यांच्यासाठी थांबवलाय."

"त्यांना सांग, आत्ता काही सांगता येत नाही," कॅप्टन म्हणाले. "कळलं की मी स्वतः सांगेन."

सेविका गेली. सुनेत्राला खुर्चीत स्वस्थ बसवेना.

"सर, वाट आहे," ती म्हणाली. "हा लाल पट्टा उजवीकडून चुकवायचा आणि लगेच आत वळायचं. मागं सगळं काळं आहे. लांबून वळसा घेतला तर अर्धा तास तरी जाईल."

"मागं मोकळं आहे?"

"दिसतंय की, सर."

 कॅप्टनांनी हात पुढे केला आणि अँटेना चांगलीच खाली कलवली, थेट जमिनीकडे. लहरी आता जमिनीवर आपटून परतू लागल्या आणि क्षणात पडद्यावर रंगांचा गोंधळ माजला.

"हे काय केलंत, सर? आता सगळी जमीनच दिसतेय. इतका वेळ खपून मी चित्र साफ केलं होतं."

"मला जमीनच बघायची आहे. डावीकडे दिसते?"

"दिसते."

"उजवीकडे?"

"हो."

"आणि तुझ्या त्या लाल पट्ट्याच्या मागे?"

सुनेत्राने निरखून पाहिले. चहूकडे जमिनीचे रंग पसरले होते. लाल पट्ट्यामागे मात्र पाचरीसारखी एक जागा काळीच राहिली होती.

"तिथं तर घाटमाथा आहे," ती हळूच म्हणाली.

"मग तो गेला कुठे?"

ती वाकून त्या काळ्या पाचरीकडे पाहू लागली. तेव्हा कॅप्टन म्हणाले, "पुढचा पाऊस इतका दाट आहे, की आपल्या लहरी त्यातच विरल्या. पलीकडे पोचल्याच नाहीत. ज्याला अख्खा डोंगर दिसला नाही, त्याला वादळ दिसलं नाही म्हणून तिथं वादळ नाही, असं कसं धरायचं? रडार तुला तिथं मोकळं आहे असं सांगत नाहीये. मला ठाऊक नाही, एवढंच सांगतंय. दोन्हींचा रंग एकच, काळा. तो फरक आपण ओळखायचा असतो. घाई असली, की नेमका तोच ओळखू येत नाही."

त्यांनी विमान दूरच्या मार्गावर वळवायला सांगितले आणि स्वतः ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना उशिराची कल्पना दिली. तो अर्धा तास सुनेत्राला फार जड गेला. मागे बसलेला न पाहिलेला माणूस तिच्या डोळ्यांपुढून हलेना. सरांचा अंदाज चुकीचा निघाला तर? मग हा वेळ त्या माणसाला कोण परत देणार?

वळसा पुरा होत आला, तशी त्या पट्ट्यामागची बाजू दिसू लागली. खिडकीतून तिला एक प्रचंड ढग दिसला. त्याचा माथा विमानाच्या कितीतरी वर होता आणि आत विजा लवत होत्या. पडद्यावर त्याच जागी पुढच्या पट्ट्याहून मोठा लाल डाग उमटला होता. तिने काढलेली वाट बरोबर त्याच्या पोटातून जात होती. कॅप्टनांनी तिकडे एकदा पाहिले आणि ते उतरण्याच्या तयारीला लागले.

विमान उतरल्यावर सुनेत्रा दाराशी जाऊन उभी राहिली. सेविकेने खुणेने दाखवलेले ते गृहस्थ आले. चेहरा दगडासारखा. त्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. रागावलेत, दोष देताहेत, असे तिने मनात धरलेच होते. मग तिच्या ध्यानात आले, की हेही आपण नुसते धरूनच चाललो आहोत.

"काका," ती म्हणाली, "उशीर झाला. घरी कळवलंत का?"

ते थांबले. डोळे भरून आले होते, म्हणूनच ते वर पाहत नव्हते.

"आत्ताच बहिणीशी बोललो," ते म्हणाले. "ती म्हणाली, सावकाश ये. आईला आता कसली घाई?"

सुनेत्राने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि जिन्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत ती त्यांच्या पावलाने चालली.