समणखोऱ्याचा अर्धा स्तूप

समणखोऱ्याच्या लेण्यात एक स्तूप आहे. त्याचा घुमट गुळगुळीत आहे, पण खालचा भाग डोंगरातच अडकलेला आहे. लेणे वरून खाली कोरतात, म्हणून काम मध्येच थांबले की असे होते, असे लेण्याची देखरेख करणारे गेनूतात्या सांगतात.

"दमलात ना? बसा. हे खोरंच दमलेल्यांचं आहे," ते लेणे पाहायला चढून आलेल्या आम्हा मुलींना म्हणाले आणि आमच्या आधी स्वतःच बसले.

फार पूर्वी या घाटाने मिठाची ओझी वाहणारे लोक जात. लेण्यात पुण्णक नावाचे म्हातारे भिक्खू राहत. गुरूंच्या अस्थींसाठी स्तूप पुरा करायचा, हा त्यांचा संकल्प होता. डोंगरात पाण्याचा एकच बारीक झरा होता. ते पाणी पाथरवटांना पुरावे म्हणून दारात राखणदार बसवला होता, म्हणे.

एका उन्हाळ्यात एक बाई डोक्यावर मीठ घेऊन चढून आली. तिने पाणी मागितले.

"कोण गं तू? गाव कोणतं? मीठ कोणाचं?" राखणदार विचारत राहिला. ती एकेक उत्तर देत होती. शेवटचे उत्तर अर्ध्यावर सोडून ती खाली ठेवलेल्या ओझ्याला टेकली, ती पुन्हा उठलीच नाही.

पुण्णकांनी त्याच दिवशी स्तूपाचे काम थांबवले आणि झऱ्याखाली वाटसरूंसाठी पाण्याचे टाके खोदायला सांगितले.

"भंते, खालची बैठक तेवढी राहिली आहे," पाथरवटांचा मुखिया नंद म्हणाला. "हे टाकं खोदण्यात तुमचं आयुष्य सरेल."

"सरू दे. घुमट तरी झाला."

दगडाचा चुरा ते स्वतः पाटीतून वाहत. टाके भरले, तोवर ते पार थकले होते. गुरूंच्या अस्थींची कुपी त्यांनी घुमटाशेजारी उघड्या दगडावर ठेवली आणि तिथेच डोळे मिटले, असे सांगतात. कष्टाने साधना करणारा तो संस्कृतात श्रमण, पालीत समण. त्यांच्यावरून लोक या मुलखाला समणखोरे म्हणू लागले.

आजही इथे दारी आलेल्याचे पाणी पिऊन होईपर्यंत कोणी त्याला नाव-गाव विचारत नाही. तात्यांनी टाक्यातून घागर भरून आणली. आमच्यातल्या शेवटच्या मुलीने पेला खाली ठेवला, तेव्हा कुठे त्यांनी विचारले, "हं, आता सांगा, कुठल्या गावच्या तुम्ही?"