पिल्लांवरची मरळ

पैनगंगेच्या काठी उंबरडोह नावाचं लहानसं गाव आहे. नदी तिथे वळण घेते आणि त्या वळणाच्या पोटात खोल, काळा डोह साठवून ठेवते. डोहाला लागून एक सपाट खडक आहे. चैतगीर महाराज फिरत फिरत या गावी आले, त्या खडकावर घोंगडी अंथरून बसले आणि मग कुठे गेलेच नाहीत. गाव भोयांचं. कुणाची नाव, कुणाचं जाळं, कुणाचा गळ; पण चूल सगळ्यांची डोहावर पेटायची. साधू सहसा असं गाव निवडत नाहीत. वरच्या पेठेतल्या एका सोवळ्या गृहस्थांनी एकदा विचारलंच, "महाराज, या मासे मारणाऱ्यांत आपण राहता कसे? त्यांना हे पाप सोडायला का सांगत नाही?"

महाराज म्हणाले, "देवानं ज्याच्या ताटात जे वाढलं ते त्यानं खावं. मी नुसता घेणारा हात बघतो. ओरबाडतो का मागून घेतो, एवढंच."

भाविकहो, हा घेणारा हात म्हणजे काय, ते केरबा भोयाच्या गोष्टीतून कळतं.

केरबा मूळचा उंबरडोहचा नव्हे. भोयांतली काही घराणी पाण्याकडे न जाता बाजारगावी फुटाणे-मुरमुरे भाजतात, त्यातला तो. बापाच्या भट्टीवर वाढलेला. कढईत हात थांबला की फुटाणे जळाले, म्हणून लहानपणापासून त्याच्या हाताला ढवळायची सवय. झोपेतसुद्धा मनगट हलायचं. उंबरडोहच्या सगुणेशी त्याचं लग्न झालं. सगुणा आईबापांची एकुलती. सासरा वारला, घरात पुरुष माणूस उरलं नाही, तेव्हा सासूनं जावयालाच घरी आणलं आणि सासऱ्याची गळाची काठी त्याच्या हातात दिली.

आता गळाला हवा स्थिर हात, आणि केरबाचा हात तर क्षणभर स्वस्थ राहीना! मासा आमिषाला नुसतं तोंड लावायचा, की यानं हिसका दिलाच. मासा पसार, गांडूळ गेलेलं, रिकामा गळ वाऱ्यावर हेलकावे खातोय. मग पुन्हा आमिष, पुन्हा हिसका. एका जागी बसणं नाही. या दगडावरून त्या दगडावर, या काठावरून त्या काठावर, भुतानं झपाटल्यासारखा.

गावचा तारू, म्हणजे नावाडी, रावजी हे सगळं नावेतून बघायचा. नाव चालवण्यात आणि गळ टाकण्यात त्याचा हात धरणारा त्या काठाला कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

"अरं फुटाण्या," तो ओरडायचा, "डोह हाय ह्यो, कढई न्हाई! ढवळतोस किती? मासे भाजून वर येतील म्हणून बसलास काय?"

नावेतली माणसं पोट धरून हसायची. केरबा खाली मान घालून गळाला नवं गांडूळ लावायचा.

एके दिवशी महाराजांनी त्याला खडकावर बोलावलं. म्हणाले, "केरबा, दोरीवर एक बोट ठेवून बस. मासा पहिल्यांदा नुसता विचारतो. त्याला उत्तर देऊ नकोस. पुन्हा विचारतो. तेव्हाही गप्प राहा. मग तो आपण होऊन घेऊन निघतो, तेव्हा ओढ."

"पन तवर म्या काय करू, महाराज? हात ऐकत न्हाई."

"नाम घे. जिभेला काम मिळालं की हात गप्प बसतो."

अहो, किती साधं सांगणं! पण केरबानं ते गाठीला बांधलं. त्या पावसाळ्यात तो महाराजांच्या पायाशी बसून गळ टाकू लागला. आपली सावली पाण्यावर पडली की मासा खाली जातो, हे त्याला कळलं. बोटाएवढं पिल्लू गळाला लागलं तर हात आधी ओला करून मग ते सोडवायचं, कोरड्या हातानं धरलं तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि सोडूनही ते मरतं, हे कळलं. कधी दोन शिंगटे, कधी एखादी वाम, असं काही ना काही घरी जाऊ लागलं. मनाची तगमग मात्र पुरती गेली नव्हती. नाम घेता घेता मध्येच हात हिसका द्यायचा, आणि पलीकडून रावजीचं हसू ऐकू यायचं.

एकदा लव्हाळ्याच्या कोपऱ्यात केरबाला पाण्यावर लाल ठिपका दिसला. कुंकवाचा करंडा सांडावा तसा. ठिपका हलत होता. नीट पाहिलं तर शेकडो इवली इवली पिल्लं, आणि त्यांच्या खाली एक लांब काळी पाठ.

"मरळ!" केरबा उठलाच.

महाराज म्हणाले, "बस. ती आई आहे. या दिवसांत ती खायला तोंड उघडत नाही, राखायला उघडते. पिल्लांवर बेडकी सोडली की ती तिच्यावर धावून जाते. आंधळासुद्धा तिला धरील. पण तिला उचललं की घटकाभरात शिंगटे पिल्लं गिळतात. केरबा, माशाच्या भुकेला गळ टाक. मायेला टाकू नकोस."

केरबानं महाराजांच्या पायाला हात लावून शब्द दिला.

रावजीची नाव जवळूनच चालली होती. तो म्हणाला, "भूक काय न् माया काय, बुवा! कालवनात दोन्ही एकच लागतं!"

महाराज नुसते हसले.

भाद्रपदात सगुणा बाळंत झाली. मुलगी झाली. घरात आनंद झाला, पण तो टिकला नाही. बाळंतिणीला पान्हाच फुटेना. सटवीची पूजा झाली तरी छाती कोरडी. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं घातलं, ते पोरीनं उलटून टाकलं. गावात दुसरी ओली बाळंतीण नव्हती. पोर रडायची, रडून रडून निळी व्हायची, पुन्हा रडायची. घर काठावरच होतं. ते रडणं डोहावर सगळीकडे ऐकू यायचं. त्यापासून पळायला केरबाला जागा नव्हती.

सुईण म्हणाली, "सगुणेला मरळीचं कालवन घाला. त्यानं दूध येतं. पर आजच घाला. पोरीत आता धुगधुगी तेवढी ऱ्हायलीया."

केरबा काठी घेऊन धावला. सकाळपासून त्यानं डोहाचा एकेक कोपरा धुंडाळला. लोकांनीही त्याच्यासाठी जाळी टाकली. शिंगटे आले, झिंगे आले, मरळ काही येईना. गळ टाकावा, बसवेना. उठावं, दुसरीकडे टाकावा, तिथेही बसवेना. नाम घ्यायला जावं तर तोंडातून दुसरंच निघे, "मरळ, मरळ, मरळ." दुपार कलली. वर घरातून रडणं येत होतं, पण आता ते बारीक झालं होतं.

रावजी खडकासमोर नाव बांधून बसला होता. त्यानं लव्हाळ्याकडे हनुवटी केली.

"उगाच कशाला पळतोस? मरळ तिथं हाय. पोरं घिऊन फिरतीया. ही घे बेडकी, लाव गळाला. म्याच धरून दिली असती, पर म्हनलं बघू तरी, फुटाण्याचा बुवा मोठा का फुटाण्याची पोर!"

केरबानं बेडकी घेतली. तो खडकाशी आला. महाराज नेहमीसारखे मांडी घालून बसले होते.

"महाराज, पोर चालली. काय करू?"

महाराजांनी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोर तुझी, गळ तुझा, शब्दही तुझाच. मी काय सांगू?"

असं कसं म्हणाले महाराज! केरबाला वाटलं, पायाखालचा खडक सरकला. एक शब्द दिला असता, हो नाहीतर नाही, तर त्याला धरून तो चालला असता. तेवढाही आधार नाही. वरून पुन्हा रडणं आलं. तो गर्रकन वळला, लव्हाळ्याशी गेला आणि त्यानं बेडकी त्या लाल ठिपक्यावर सोडली.

पाणी फुटलं. काठी वाकली. आणि बघा, ज्या हातानं उभा पावसाळा चुका केल्या, त्या हातानं त्या दिवशी एकही चूक केली नाही. दोन खेचांत मरळ काठावर आली. कोपरापर्यंत लांब, काळी, भरलेली. रावजी नावेत उभा राहिला. "शाब्बास रं फुटाण्या! आता झालास भोई!"

केरबा मरळीला छातीशी धरून घराकडे निघणार, तोच त्याची नजर पाण्यावर गेली. लाल ठिपका विस्कटला होता. पिल्लं वेडीपिशी होऊन काठाला आली होती, त्याच्या पायाशी, घोटाभर पाण्यात. इकडे धावत होती, तिकडे धावत होती, कुणाच्या खाली जावं ते त्यांना कळत नव्हतं. मागे खोल पाण्यात एक गिरकी उठली. मग दुसरी. शिंगट्यांना वास लागला होता.

वर त्याची लेक रडत होती.

केरबा तसाच उभा राहिला. असा स्तब्ध तो जन्मात कधी उभा राहिला नव्हता. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तो गुडघ्यावर बसला. हात ओला केला, मरळीच्या जबड्यातून अलगद गळ काढला आणि तिला पाण्यात धरलं. "जा, बाई," तो म्हणाला. "तुझी तरी वाचू देत." मरळीनं शेपटीचा एक फटकारा दिला. खोल पाण्यातल्या गिरक्या थांबल्या. लाल ठिपका तिच्यावर पुन्हा गोळा झाला.

"आरं नादान मानसा!" रावजी किंचाळला. "काय केलंस ह्ये? हाताची मरळ सोडलीस! पोरीला मारलंस!" आणि तो खडकाकडे वळून महाराजांना म्हणाला, "बघा बुवा, डोळं भरून बघा. ह्ये तुमच्या शिकवनीचं फळ. गरिबाची पोर खाल्लीत तुम्ही! बसा आता तसंच, बसा!"

महाराजांचे डोळे मिटलेले होते.

आणि तेवढ्यात घरातलं रडणं थांबलं.

एकाएकी थांबलं. डोहावर कसलाच आवाज उरला नाही. रावजीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. काठी तिथेच टाकून केरबा चढण चढत पळाला. ठेचा लागल्या, एकदा पडला, उठला. दारात सासू उभी होती. डोळ्यांना पदर लावलेला.

"आत्याबाई..."

"हळू, जावईबापू," सासू म्हणाली. "पितीया ती. दूध पितीया."

खोलीत ओव्याच्या धुरीचा वास दाटला होता. बाजेवर सगुणा पोरीला पदराखाली घेऊन बसली होती. पोरीचे घोट ऐकू येत होते. एवढासा जीव, पण काय हावरेपणानं पीत होता! तिच्या हनुवटीवरून दूध ओघळत होतं.

केरबा भिंतीला टेकला. "कसं झालं?"

सगुणा म्हणाली, "म्हंजे? तुम्ही धाडलं न्हाई का त्यास्नी? आत्ताच तर महाराज येऊन गेले. हितं उंबऱ्यापाशी उभे ऱ्हायले, धुरीच्या शेगडीजवळ. म्हनले, 'आई, तिकडं एक माय लेकरांकडं गेली. आता तूही तुझं लेकरू घे.' कमंडलूतलं पानी माज्या तळहातावर घातलं. म्या प्यायले, आन् तवाच छाती भरून आली."

"म्याबी बघितलं," सासू म्हणाली. "म्या पाया पडले त्यांच्या. सुईनीला इचारा, ती हितंच व्हती."

सुईणीनं मान हलवली.

"पन महाराज तर खडकावर..." केरबा पुटपुटला. "म्या निघालो तवा तिथंच व्हते. का माज्या मागून आले, माज्या आधी पोचले? मला काय सुधरंना."

"न्हाई आले."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. रावजी उभा होता. रडणं थांबलं तसा तोही धावत आला होता. आपल्या तोंडून गेलेलं खरं झालं की काय, या धास्तीनं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"महाराज न्हाई हलले," तो म्हणाला. "ह्याची पाठ व्हती, माजं तोंड त्यांच्याकडंच व्हतं. मरळ सोडल्यापास्नं म्या त्यांच्यावरची नजर काढली न्हाई. शिव्या देत व्हतो न्हवं का! शिव्या देताना मानूस समोर बघतो. खडकावरनं ते बोटभरबी हलले न्हाईत. देवाशपथ सांगतो."

पोर पीतच होती. ज्यानं आजवर महाराजांची थट्टा केली, त्याच्याच तोंडून साक्ष निघाली! महाराजांची लीला ती महाराजच जाणोत.

रावजी मागे फिरला. केरबा त्याच्यामागून गेला. चढण उतरताना रावजीचे पाय एका जागी पडत नव्हते. जन्म पाण्यावर काढलेला माणूस, जमिनीवर नाव डोलावी तसा डोलत होता. खडकापाशी येऊन तो थबकला. वर चढायचं धाडस होईना.

महाराजांनी डोळे उघडले. म्हणाले, "ये रावजी. आजवर लांबूनच बोललास."

रावजीनं डोक्याचं मुंडासं काढलं, खडकावर चढला आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. ठेवलं आणि एकदम दचकून वर पाहिलं. पुन्हा वाकला, महाराजांच्या छाटीचा काठ नाकाशी धरला. भर डोहावर, उघड्या वाऱ्यात, त्या काठाला ओव्याच्या धुरीचा वास येत होता.

"केरबा..." तो कसाबसा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं केरबाला त्याच्या नावानं हाक मारली. "हिकडं ये. बघ. बघ ह्ये."

मग तो महाराजांच्या पायांवर पालथा पडला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. महाराजांनी त्याच्या उघड्या डोक्यावर हात ठेवला आणि तो रडायचा थांबेपर्यंत उचलला नाही.